बाबा मला ‘तुमी’ म्हणाले

अकोला, ता. १९ ऑगस्ट १९६१

ती. माणिकबाईस, धाकट्या गोवर्धनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

बाबांना मंगळवारी अमरावतीच्या वृद्धाश्रमात पोचवले. जागा स्वच्छ आहे, संध्याकाळी भजन होते, भाकर गरम मिळते. काळजी करू नकोस. दाजींचा गुडघा आता कसा आहे?

तुझी भावजय सत्यभामा आजारातून अजून उठलेली नाही आणि मी दिवसभर कापसाच्या जिनात कामाला. डोळे गेलेल्या माणसाला घरी कोणाच्या भरवशावर ठेवणार होतो?

पण बाई, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, तर मला देवापुढे हात जोडवणार नाहीत. तिथे फक्त निराधारांना घेतात. व्यवस्थापकांनी विचारले, “हे तुमचे कोण?” मी म्हणालो, “आमच्या गावचे आहेत. त्यांना कोणी नाही.”

बाबा शेजारीच बसले होते. वाटले, आता काठी उगारतील. त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली. निघताना मी पाया पडायला वाकलो, तर हाताने अडवून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “राहू द्या भाऊ, तुमी कायले पाया पडता? इथलोक आणलं, लय झालं.”

जन्मात त्यांनी मला ‘तुमी’ म्हटले नव्हते.

सोमवारी जाऊन मी खरे सांगणार आहे. मग ते बाबांना ठेवणार नाहीत. सत्यभामा उठेपर्यंत तू त्यांना तुझ्याकडे चांदूर बाजारला नेशील का? लेकीच्या घरी ते पाणीही घेत नाहीत, ठाऊक आहे. त्यांना म्हणावे, तुमच्या मुलाने विनवले आहे.

तुझा,
गोवर्धन