मागच्या चार रांगा

मुलुंड (पूर्व)
४ ऑगस्ट २०२४

चि. गंधाली हिस अ. उ. आ.

तुझ्या अंधेरीच्या दवाखान्यात मला त्या काचेच्या पेटीत कोंडलंस, कानांना हेडफोन लावलेस आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाब म्हणालीस, त्याला आज आठवडा झाला. खरं सांगू का, मधून मधून मी अंदाजानेच दाबत होते. तू दिलेल्या कागदावरच्या दोन रेघा जिना उतरावा तशा खाली जातात. काय समजायचं ते समजले.

पत्र त्यासाठी नाही. आमच्या संस्थेने पंचावन्नच्या वरच्या शिक्षकांसाठी आरोग्याचा फॉर्म काढलाय, तो सोबत जोडलाय. सहावा प्रश्न कानांचा आहे: वर्गशिक्षक म्हणून काम करण्याइतकं ऐकू येतं का? तिथे ‘हो’ लिही आणि सही कर, बास. ‘नाही’ लिहिलंस तर वर्ग काढून घेऊन मला ग्रंथालयात बसवतील. चित्रकलेच्या मधुकर सरांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनाही तिथेच बसवलं होतं. दोन वर्षं पुस्तकांना पुठ्ठे घालून निवृत्त झाले बिचारे. पगार तोच मिळेल गं, पण ही चौतीस पोरं पहिलीपासून माझ्याकडे आहेत. आता चौथीत आली. एवढं वर्ष मला पुरं करू दे.

वर्गात माझं काही अडत नाही. तोंड दिसलं की मला बोलणं कळतं. परवा प्रीतमची आई तणतणत आली, की हा घरी केवढ्याने ओरडून बोलतो, तुम्हीच शिकवता का. मी म्हटलं, हो, मीच. खणखणीत बोलायला शिकवते. तुझ्यासारखी पुटपुटणारी एकही नाही माझ्या वर्गात. खोटं वाटत असेल तर एक दिवस येऊन बस. वालाचं बिरडं करीन.

उत्तर आलं की माया शाबूत आहे असं समजेन.

तुझी,
शुभाआत्या


बोरिवली (पश्चिम)
७ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

अंदाजाने दाबलेली सात बटणं मी धरलेली नाहीत. उजवा कान ५८ डेसिबल, डावा ६४; आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं. लहान मुलांचे बारीक आवाज ज्या पट्टीत येतात, तिथे दोन्ही कानांना याहूनही कमी ऐकू येतं. कानाला यंत्र लागेल हे तेव्हाच सांगितलं होतं आणि ते दिलंही होतं. पर्समध्ये ठेवून त्याचा उपयोग होत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू फोन बंद केलेस आणि पत्रात मजा वेगळीच असते असं लिहिलंस. मी ते खरं मानलं. मी दिवसभर लोकांचे कान तपासते, तरी खरं कारण ओळखलं नाही, म्हणून हे नोंदवून ठेवते आहे.

मंगळवारी, १३ तारखेला येते. शेवटच्या बाकावर बसेन. मी काय काम करते ते मुलांना सांगू नकोस. फॉर्म त्यानंतर भरेन.

बाकी ठीक. लग्नाबद्दल विचारलं नाहीस, त्याबद्दल आभार. तब्येतीला जप, एवढंच मागणं.

गंधाली


बोरिवली (पश्चिम)
१४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

काल जे पाहिलं ते क्रमाने लिहिते.

पहिल्या तासाला शुद्धलेखन झालं. तू बाकांमधून फिरत होतीस. कुणालाही काही विचारायचं असलं की ते मूल आधी तुझ्याकडे तोंड वर करतं, मग बोलतं. ही सवय मी माझ्या दवाखान्यात रुग्णांच्या घरच्या माणसांना महिनोन् महिने लावू पाहते. जमत नाही.

दुसरा तास भरती-ओहोटीचा. मामाबरोबर मनोरीला जाऊन आलेल्या मुलाने सांगितलं, की ओहोटी होती म्हणून चिखलातून चालावं लागलं आणि मामाची एक चप्पल तिथेच राहिली, तर मामाने दुसरीही रागाने तिथेच फेकली. वर्ग हसला तेव्हाच तूही हसलीस. जराही मागे नव्हतीस. आत्या, तू फार चांगली शिकवतेस. हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं.

तिसरा तास गणिताचा. तू साताचा पाढा म्हणायला सांगितलास आणि फळ्याजवळ उभी राहून हाताने ताल धरलास. चौतीस तोंडं उघडत-मिटत होती. आवाज बारा जणांचा होता, पुढच्या दोन रांगांचा. मागच्या चार रांगांतली बावीस मुलं नुसते ओठ हलवत होती. सात दाहे सत्तर झालं, तू शाबास म्हणालीस आणि सगळ्यांकडे बघून हसलीस. मला आधी माझ्याच कानांची शंका आली. आठाच्या पाढ्याला पुन्हा लक्ष दिलं. तेच.

मधल्या सुट्टीत मी शेजारच्या रुचिराला विचारलं. तिने डबा खाता खाता सरळ सांगितलं. दुसरीत असताना ती एकदा पाढा चुकली, तरी बाई शाबास म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ती आवाज न काढता म्हणाली, तरीही शाबास. मग इतरांनीही करून पाहिलं. बाईंना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल, असं वर्गात ठरलंय. पुढच्यांनी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे मुख्याध्यापिका केणी मॅडम व्हरांड्यातून गेल्या तरी त्यांना काही कळणार नाही. पुढच्या रांगेतला प्रीतम घरी का ओरडतो, ते यावरून तुला कळेल. मी तिला सात पंचे किती ते विचारलं. तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहून सांगितलं.

तुझ्याकडे बिरडं खाताना हे सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

फॉर्म माझ्याजवळ आहे. सहाव्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे.

रागावलीस तरी लिहीत जा.

गंधाली


मुलुंड (पूर्व)
१८ ऑगस्ट २०२४

चि. गंधाली हिस अ. उ. आ.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. हेरगिरी करायला बोलावलं होतं का तुला, असं मनात आलं. मग शुक्रवारी मी भिंतीवरचा तक्ता काढला आणि सगळ्यांना साताचा पाढा लिहायला सांगितला. एकोणीस जणांना आला नाही. रुचिराने सात साती सत्तर लिहिलं आणि शेजारी एक फूल काढून ठेवलं.

आता तुला खरं लिहिते. मागून आवाज येत नाही, हे मला गेल्या दिवाळीपासून जाणवत होतं. मला वाटलं, माझेच कान. ओठ हलतायत म्हणजे म्हणतच असणार. पोरांवर मी संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला, आणि तो खरा की खोटा हे कुणाला विचारायची लाज वाटली.

तेव्हा एक ऐक. तो फॉर्म दिवाळीपर्यंत तुझ्या कपाटात राहू दे. या एकोणीस जणांना मी एकेकाला समोर बसवून पाढे पाठ करून घेते. मी बिघडवलंय, मलाच निस्तरू दे. खोटं लिही असं आता म्हणत नाही, फक्त उशीर कर. एवढं तर करशील ना गं माझ्यासाठी?

वाट पाहते आहे, उत्तराची आणि तुझीही.

शुभाआत्या


बोरिवली (पश्चिम)
२१ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास शि. सा. न.

दिवाळीपर्यंत तू त्यांना पाढे शिकवशील, याबद्दल शंका नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. त्या दिवशी मागच्या बाकांवरून तुला दोनदा हाक आली. दोन्ही वेळा तू फळ्याकडे वळलेली होतीस. दोन्ही वेळा कुणाला तरी पाणी प्यायला जायचं होतं. तिसरी हाक कशासाठी असेल, ते मला माहीत नाही.

सहाव्या प्रश्नापुढे मी ‘यंत्राशिवाय नाही’ असं लिहिलं आहे. यंत्र वापरून सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं, तोपर्यंत वर्ग काढू नये, अशी शिफारस जोडली आहे. ती मानणं न मानणं संस्थेच्या हातात आहे. फॉर्म आज स्पीड पोस्टाने केणी मॅडमना पाठवला. तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पाठवता आला नसता.

माझ्यावरची माया कमी करायची असेल तर तो तुझा हक्क आहे.

गंधाली


मुलुंड (पूर्व)
२२ सप्टेंबर २०२४

चि. गंधाली हिस अ. उ. आ.

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं.

तुझी शिफारस केणी मॅडमनी वाचून दाखवली, छान आहे म्हणाल्या आणि फाइलला लावली. दोन तारखेपासून मी ग्रंथालयात बसते. माझ्या जागी अठ्ठावीस वर्षांची मुलगी आलीय, चुणचुणीत आहे. तिला म्हटलं, ते एकोणीस जण मधल्या सुट्टीत माझ्याकडे पाठव. गोड हसून म्हणाली, मॅडम, मी बघते ना, तुम्ही आता आराम करा.

ग्रंथालय म्हणजे आमच्या वर्गाचाच अर्धा भाग आहे, मध्ये प्लायवूडची भिंत. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून यंत्र घालते. पंखा केवढा आवाज करतो गं! पानं उलटली तरी दचकायला होतं.

परवा तिसऱ्या तासाला पलीकडे साताचा पाढा सुरू झाला. मी पुठ्ठा खाली ठेवला आणि भिंतीला लागून उभी राहिले. आवाज बाराहून जास्त होते, एवढं नक्की. प्रीतमचा लगेच ओळखला. मग एकेकाचा शोधत गेले. रुचिराचा फार शोधला. चार वर्षं ती माझ्यासमोर बसते, तिचं अक्षर मी अंधारातही ओळखीन. पण तिचा आवाज कसा आहे, ते मला माहीतच नाही. त्यामुळे ती म्हणत होती की नाही, हे तुला सांगता येणार नाही.

माया आहे. सध्या रागही आहे. दोन्ही घेऊन एकदा येऊन जा.

शुभाआत्या