सात दिवसांची पट्टी

बाबा, मुलीने वडिलांना जाब विचारणारे पत्र लिहू नये, हे मला कळते. त्या आगळिकीची क्षमा आधीच मागते. पुढच्या मजकुराची मागणार नाही.

मूल गावच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होता, आणि रोज जखम उघडून पाहणारा माणूस अशी तुमची ख्याती होती. धानकापणीत आईच्या पावलाला विळा लागला. तिला साखरेचा आजार. तरी रोज सकाळी स्वयंपाकघरात तिचा पाय पाटावर घेऊन तुम्ही वाळून चिकटलेली पट्टी एका झटक्यात ओढता. पट्टीबरोबर कोवळी कातडी येते. आई पदर दातांत धरते. अकरावीतली मी भीत भीत म्हणते, जखम झाकलेली, ओलसर राहिली तर लवकर भरते, असे पुस्तकात आहे. औषधासाठी घरी आलेल्या, दारातल्या रोग्यांकडे वळून तुम्ही म्हणता, "आयका! डॉक्टरीणबाईच्या पुस्तकाले जखम झाली हाये. बांधा कोनी तिले पट्टी!" सगळे हसले. आईसुद्धा हसली, तिला हसवल्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेले नाही. चार महिन्यांनी तिचा पाय घोट्यावरून कापावा लागला. तुम्ही म्हणालात, नशीब. नशीब नव्हते ते, बाबा. तुमचा हात होता.

तुम्हाला जाऊन दहा वर्षे झाली. आता संशोधनासाठी मी केसाहून कितीतरी बारीक अशा नॅनोतंतूंची पट्टी तयार करते. तंतूंत भरलेले औषध सात दिवस हळूहळू जखमेत उतरते. अट एकच : मध्ये उघडायची नाही. ती अट लिहिताना माझ्यासमोर तुम्हीच होता.

गेल्या आठवड्यात चाचणीसाठी आरमोरीच्या एका बाईंच्या पायाला ती लावली. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आतमंदी सडून तं नाई राह्यलं ना, बाई? तुमी निस्त्या बांधून मोकळ्या झाल्या. आमच्या गावचा कंपाउंडर रोज पाहे. त्याले माया होती."

उत्तर मला पाठ होते. तरी मी पट्टीचा कोपरा उचलला, मग पुढेही ओढत गेले. आत सडलेले काही नव्हते. कोवळी गुलाबी कातडी होती. ती पट्टीबरोबर निघून आली. बाई कळवळल्या आणि मग समाधानाने म्हणाल्या, "आता कसं बरं वाटलं!" मी नवी पट्टी लावली आणि नोंदवहीत लिहिले : पट्टी अबाधित.

मीही तेच केले म्हणून तुम्ही सुटत नाही. हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंना मात्र दोन ओळी लिहिल्या : "तिसऱ्या दिवसाची नोंद खोटी आहे. पट्टी मीच उघडली." त्या पाठवल्या सोमवार, ९ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी.