बिनचिठ्ठीची बरणी

तिसरा महिना, दुसरा दिवस
आज भट्टीगावात उतरलो. नदीला वरच्या खिंडीत पाणी फार आहे, तिकडे इतक्यात होडी नाही. चहाचे वाडगे भाजणाऱ्या भट्टीचे मालक तान यांना चहाच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहायला माणूस हवा होता. खोली दिली, भात आणि सुकी मासळी दिली. कुठे निघालात, विचारलं. सांगितलं: मुलीची, रूईची, राख तिच्या आईच्या थडग्याशेजारी ठेवायची आहे. गावाचं नावही सांगितलं. रूई सहा वर्षांची होती. हे भट्टीगाव छान आहे. डोंगरभर बांबू.

पाचवा दिवस
खोली गळते. झिलई कालवणाऱ्या आजी म्हणाल्या, "मास्तर, राख भिजली की गेली. माझ्या कोठीत ठेवा, तिथे उंदीरसुद्धा कोरडे असतात." ठेवली. झिलईसाठी तिथे राखेच्या बरण्यांची रांग आहे. बांबू, तूस, नेचा अशा चिठ्ठ्या मीच लिहून डकवल्या. रूईच्या बरणीवर काय लिहावं सुचेना. राहू दिलं.

दहावा दिवस
काळ्या झिलईवर खरं पान ठेवून वाडगे भाजतात. पान जळतं, शिरा तेवढ्या उमटतात. आज चाळीस वाडगे भट्टीत गेले.

अठरावा दिवस
भट्टी उघडली. पानं कुठेच नाहीत. प्रत्येक वाडग्यात एक लहान हात. करंगळी वाकडी. रूईची दारात चेमटली होती. कोठीत धावलो. बरणी रिकामी. झिलईवाल्या आजी रडल्या. बिनचिठ्ठीची बरणी म्हणजे उरलीसुरली राख, कुणीही झिलईत घालावी, असा इथला रिवाज. मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणिसावा दिवस
वाडगे मागितले. मालक हसले. एक देतो म्हणाले, पण बाकीच्यांची तारीफ मी व्यापाऱ्यांना लिहायची, नाहीतर तो फोडतील. लिहिली.

बाविसावा दिवस
खाली जाणाऱ्या होडीत एकोणचाळीस गेले. माझ्या वाडग्यात बोटं काल तळाशी होती. आज काठाजवळ –
मालक दारातून सहज विचारून गेले, "मास्तर, बायकोला पुरलंय की जाळलंय?"

तेविसावा
पुरलंय म्हणालो. झिलईला हाडं तर आणखी चांगली, म्हणाले. खिंड मोकळी झाली. त्यांची माणसं सकाळीच तिकडे गेली. गावाचं नाव मीच –

चोविसावा
एकट्याने चहा घेतला. वाडगा धुतला. पालथा घातला. आतून नखं –