बाजूची सीट

३ जून
पुण्याले पोचलो. आलापल्लीहून निघताना शेजारच्या पत्रूले सांगितलं, पंधरा दिवसांत परत येतो. घरची, रुखमा, गेल्यापासून नंदिनी खचली आहे. पोरीले बापाचा आधार पाहिजे, म्हणून आलो. मी ठीक.

४ जून
तब्येत उत्तम. झोप नाई लागली, पण ते इथल्या लाइटीमुळं. भात मऊ झाला होता. नंदिनीले काही बोललो नाई. तिचं मन दुखवू नये.

६ जून
नंदिनीनं मेट्रोचं कार्ड आणून दिलं. म्हणे, बाबा, घरात बसून राहू नका. जन्मभर फॉरेस्ट गार्ड होतो. सागवानाच्या जंगलात अंधारातही रस्ता चुकलो नाई. मेट्रो एका दिवसात शिकतो.

७ जून
सिव्हिल कोर्टाले जमिनीखाली उतरलो. जायचं होतं स्वारगेटले, पोचलो पिंपरीले. माझी चूक नाई. खाली सूर्य दिसत नाई, दिशा कशी कळणार?

१० जून
आता जमते. स्वारगेट, परत, पुन्हा स्वारगेट. गार हवा असते, कोणी विचारपूस करत नाई. व्यायामही होते. म्हणजे बसूनच असतो, पण जिने आहेत. जिने सरकते आहेत.

१२ जून
बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली होती. एका बाईनं विचारलं, इथं कोणी आहे का. मी म्हणलो, "हो, घरची येऊन राह्यली." बाई मंडईपर्यंत उभी. तोंडातून निघून गेलं. उन्हाचा परिणाम. आज ढगाळ होतं, पण काल ऊन होतं.

१३ जून
पुन्हा तेच. उद्यापासून पिशवी मांडीवर.

१४ जून
ठेवली नाई मांडीवर.

१७ जून
उद्या परतीची गाडी. नंदिनीले धीर दिला. तिनं विचारलं, आईबद्दल तुम्ही काऊन बोलत नाई. तुले त्रास होईल म्हणून, असं सांगितलं.

१८ जून
नंदिनी सोडायले सोबत आली. सिव्हिल कोर्टाहून वरच्या मेट्रोनं रेल्वे स्टेशनले जायचं होतं. रस्ता मले पाठ, म्हणून पुढं मी. खाली उतरून स्वारगेटच्या गाडीत जाऊन बसलो. ती मुकाट मागून आली, थोडी दूर उभी राह्यली. एका माणसानं बाजूची सीट मागितली. मी त्याले नेहमीचंच सांगितलं.

तो गेल्यावर नंदिनी जवळ आली. म्हणाली, "बाबा, इथी मी बसू काय?"

मी पिशवी उचलली. परतीची गाडी तिकडं सुटली असल. ती खांद्यावर डोकं ठेवून रडून राह्यली. मी खिडकीतून बाहेर पाहत राह्यलो. भुयारात पाहायले काही नसते.