सहावी पिन

प्रिय चिमणे,

तुझी आई म्हणते, आधी खुशाली लिहा. तर आम्ही बरे आहोत, तिचा गुडघा आहे तसाच आहे. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर पुन्हा धीर सुटेल. तुझ्या हेडफोनची एक पिन मी कापली.

तू जाताना बजावलं होतंस, जुना अॅम्प्लिफायर गेला तर दुसरा कुठलाही लावू नका, जोडीचा मी बघून आणीन. तो गेल्या महिन्यात गेला. मी सातवीत शाळा सोडलेला, पण चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. वाटलं, अॅम्प्लिफायर तो अॅम्प्लिफायर. आपल्या घड्याळजीकडे एक पडून होता, तो उचलून आणला. हेडफोनला पिना सहा, खोबणीला भोकं पाच. मधली पिन नुसती आधाराला दिली असेल असं समजून पकडीनं कापली, कानशीनं घासली. चपखल बसला. त्यावरच तू मिक्सिंग करून पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि तुला मत कळवलं.

पुढे डावी बाजू दबत दबत मुकीच झाली. तेव्हा कुठे भिंग घेऊन अॅम्प्लिफायरची पाठ वाचली. पाचशे ऐंशी व्होल्ट! तुझ्या हेडफोनला लागतात दोनशे तीस. त्यात केसाहून पातळ पडदा दोन जाळ्यांमध्ये ताणलेला असतो, त्याला सतत व्होल्ट द्यावे लागतात, हे तूच मला समजावलं होतंस. जास्त व्होल्टच्या खोबणीत जुना हेडफोन बसूच नये, म्हणून ती पिन होती. कुंपणच मी कापून टाकलं. घड्याळजी म्हणाला, अरे, घड्याळात एखादा दात जास्त दिसला तर मी तो उपटतो का? आणि तुझी आई म्हणाली, अहो, जन्मभर रेडिओ उघडलेत, आता एकदा स्वतःचं डोकं उघडून बघा.

नऊ दिवस जेवण गेलं नाही. तुझ्या पहिल्या कामापासूनचा हेडफोन, आता तसा मिळतही नाही. पडदा जाळीला चिकटला असेल की जळाला असेल, हाच घोर. खरं तर तपासायला अर्धं मिनिट पुरे होतं. हेडफोन उलटा घालायचा, डावा उजव्या कानाला. पण हातच होईना. आज सकाळी आई बाजारात गेली तशी घातला.

चिमणे, तुझ्या हेडफोनची डावी बाजू खणखणीत वाजते आहे. उजवी डाव्या कानावर आली आणि तीही मुकी झाली. पडदा गेलाय तो माझा. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जातो. आईला पिनेचं माहीत आहे, हे नाही. तिला मीच सांगेन. पण तुला आजच कळवायला हवं. मी तुला ठणकावून सांगितलं होतं, डावीकडचं व्हायोलिन दबलंय, वाढव. तुझ्या सोबतचे सगळे नको म्हणत असताना तू म्हणालीस, बाबांचा कान चुकत नाही, आणि वाढवलंस. ते दबणं व्होल्टमुळेही नव्हतं आणि तुझ्यामुळेही नव्हतं. काम बाहेर जायच्या आत व्हायोलिन होतं तिथे परत आण. लोकांचं ऐक, माझं नको.

तुझाच, कान धरून उभा असलेला,
बाबा