सैबेरियाची तयारी

१२ नोव्हेंबर
कादंबरी आज एकदाची पीटर्सबर्गला सेन्सॉरकडे रवाना. आमच्या गावचा नगरप्रमुख पाखोम इलिच, त्याची अशी सालटी काढली आहे की वाचून झार महाराजांची झोप उडेल. म्हणजे मला अटक. मग सैबेरिया. घाबरायचं नाही, असं ठरवलं आहे.

१३ नोव्हेंबर, पहाट
डोळ्याला डोळा नाही. भीती नव्हे. उल्यानाने कोबीच्या सूपात मीठ फार घातलं होतं. स्वयंपाकीण बदलली पाहिजे.

१५ नोव्हेंबर
ग्लाफिरा किरिलोव्हनाच्या कानावर घातलं. ही विधवा बाई कित्येक वर्षं माझ्या लग्नाच्या मागणीवर नुसता चहा पाजत आली. आज सैबेरिया म्हटल्याबरोबर डोळे भरून आले. म्हणाली, हद्दपार झालेल्या बंडवाल्या सरदारांच्या बायका गेल्या तशी तुमच्यामागे बर्फात येईन. आधी लग्न करू. मी धन्य झालो. आता अटक लवकर व्हायला हवी.

२२ नोव्हेंबर
रस्त्यावर घोडागाडीच्या घंटा. आले! कोट चढवला, ग्लाफिराला निरोप धाडला. ती धावत आली. प्रवासाला निघण्याआधी क्षणभर बसायचं, या रीतीप्रमाणे दोघं भरलेल्या ट्रंकेवर बसलो. उल्यानाही बसली. गाडी सरळ पुढे गेली. मिठाचा व्यापारी.

२६ नोव्हेंबर
पुन्हा घंटा, पुन्हा बसलो. या वेळी गाडीत बिशपसाहेब निघाले. उल्याना म्हणते, तुमच्या बसण्यापायी चुलीवरचं करपतं, एकदाचे जा तरी. अडाणी बाई.

३० नोव्हेंबर
घरात जीव थाऱ्यावर नाही. शेवटी स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं, माझ्या नावाचा हुकूम आलाय का. अंमलदाराने व्होडका पाजून तब्येतीची चौकशी केली. काय कावेबाज लोक!

५ डिसेंबर
पाखोम इलिच पीटर्सबर्गहून परतला तो थेट माझ्याकडे. ग्लाफिरादेखत मला मिठी मारून मुके घेतले. सेन्सॉरने एक अक्षरही न खोडता शिक्का मारला म्हणे. मुलींच्या शाळेत बक्षीस द्यायला छान आहे, असंही सेन्सॉर म्हणाला. पाखोमने स्वतःही वाचली. शेजारच्या गावच्या नगरप्रमुखाला बरोबर पकडलंत, असं सांगून पोट धरून हसला.

मी ग्लाफिराला म्हटलं, झालं ते बरंच झालं, आता इथेच सुखात लग्न करू.

"सैबेरियाला आले असते हो, वेनिअमिन सावविच," ती म्हणाली. "पण इथे? तुमच्याबरोबर? रोज?"

मला रडू कोसळलं. पाखोमला वाटलं, आनंदाश्रू. त्याने माझी पाठ थोपटली आणि ग्लाफिराला आपल्या गाडीतून घरी सोडलं.