जर्सीवर हनी बॅजर की मगर?

३ सप्टेंबर
आमच्या फुटबॉल क्लबला नवीन जर्सी मिळणार. छातीवर प्राणी कोणता, ते समिती ठरवेल. सचिव या नात्याने मी हनी बॅजर सुचवला. मायलोसी मासेमार लगेच म्हणाला, "मगर!" लुआंग्वा नदीकाठी जन्मलं की माणसाला मगरीपलीकडे काही दिसत नाही. (मीही इथलाच. पण मी वाचतो.)

४ सप्टेंबर
भाषण तयार. मगर होडीएवढी, मान्य. पण दिवसभर वाळूत आ वासून पडलेली. बॅजर कुत्र्याएवढा, पण सिंहाच्या अंगावर धावून जातो. साप चावला की आडवा होतो, मग उठून उरलेला साप खातो! बायकोला वाचून दाखवलं. तिसाउके म्हणाली, "चिकोंडीचे बाबा, दिवसभर आ वासून पडणारं एक आपल्याही घरात आहे." विषय तिला झेपला नाही.

६ सप्टेंबर, सकाळ
भाषण कशाला? प्रत्यक्षच दाखवू. तळ्याकाठच्या झाडावर माझ्या मधाच्या पेट्या आहेत, त्यांच्यावर बॅजर पहाटे येतोच. (आजवर राग यायचा. आता अभिमान.) समितीला रविवारी बोलावलंय. मायलोसीने विचारलं, "सचिवसाहेब, मधमाश्यांचं काय?" म्हटलं, मालकाला ओळखतात त्या.

८ सप्टेंबर, रविवार
बॅजर वेळेवर आला. झाडावर चढून त्याने पेटी पाडली, ती नेमकी अध्यक्षांच्या पायाशी. मधमाश्यांनी मालकाला ओळखलं नाही. सगळी समिती तळ्यात. मायलोसी पाण्यातून ओरडला, "मगर!" मला वाटलं, मत देतोय. मग ती दिसली. सगळी समिती तळ्याबाहेर. मगरीने डोळासुद्धा पुरता उघडला नाही. बॅजर मध चाटत बसला.
निःपक्षपातीपणे सांगायचं, तर पाण्यात घातलं बॅजरने, बाहेर काढलं मगरीने. बरोबरी.

९ सप्टेंबर
सभा. सगळ्यांचे ओठ सुजलेले. माझ्या तोंडून 'बॅजर'मधला ब निघेना, मायलोसीच्या तोंडून 'मगर'मधला म. शेवटी अध्यक्षांनी नुसतं स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. ते पपईएवढं झालं होतं. सगळे हात वर. जर्सीवर मधमाशी!
तसं पाहिलं तर सूचना माझीच. पेटी कुणाची होती?

२७ ऑक्टोबर
माझ्या मधमाश्या त्या दिवसापासून मायलोसीच्या होडीच्या छपराखाली राहतात. आज त्याने मधाची बाटली पाठवली. मध उत्तम. तिसाउकेला म्हटलं, आपलाच आहे.
"हो का?" ती म्हणाली. "मग आभार मानायला जायचं कुणाकडे?"

उद्या जाऊन येईन.